मऊ चीज, लसूण आणि विरजण : एकसारखेपणाचा इतिहास

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादनाने तयार केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा महसुरीपासून विकसित केलेला ‘डीआरआर धान १००’ अर्थात ‘कमला’, आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एमटीयू १०१० पासून विकसित केलेला ‘पुसा डीएसटी राइस १’. या निमित्ताने देशभरच्या विज्ञानवार्तांमध्ये क्रिस्पर तंत्राची चर्चा झाली आणि एमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना यांच्या २०२० च्या नोबेल पारितोषिकाची आठवण निघाली. या कथेतील एक दुवा मात्र क्वचितच सांगितला जातो. क्रिस्पर ही जिवाणूंची संरक्षणव्यवस्था आहे, हे प्रयोगाने प्रथम सिद्ध झाले ते दुधाच्या जिवाणूंवर. आणि ज्यांनी ते सिद्ध केले, त्यांच्यापुढचा मूळ प्रश्न भाताचा नव्हता, औषधाचाही नव्हता. कारखान्यात दूध ऐनवेळी विरजत का नाही, हा तो प्रश्न होता.

हा प्रश्न कसा उभा राहिला, हे समजून घेण्यासाठी मऊ, ताज्या चीजच्या इतिहासाइतका चांगला मार्ग नाही. महिनोन्‌महिने मुरणाऱ्या कठीण चीजमध्ये मीठ, काळ, बुरशी असे अनेक घटक काम करतात. ताज्या चीजमध्ये जवळजवळ सगळे काम एकट्या आंबण्याच्या क्रियेचे असते. म्हणून या लेखात आपण एका फ्रेंच चीजचा माग काढू : लसूण आणि हिरव्या पाल्याच्या स्वादाचे ‘बूर्सँ’.

त्याचे मूळ फ्रान्सच्या वायव्येकडील नॉर्मंडी प्रांतात आहे. तेथील पेई द ब्रे हा प्रदेश कुरणांचा आणि गाईंचा. नॉशातेल हे जुने चीज इथलेच, आणि गूर्ने या गावाच्या नावाने ओळखले जाणारे ताजे चीजही इथलेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास याच परिसरात ‘पेती-स्विस’ हे सायीचे मऊ चीज जन्मास आले. एका दुग्धशाळेतील स्विस कामगाराने ताज्या दह्यात साय मिसळण्याची सूचना केली, अशी त्याची कथा सांगतात. त्या कामगाराचे नाव इतिहासाने जपले नाही. ते चीज पॅरिसच्या बाजारात नेऊन विकणाऱ्या शार्ल जेर्व्हे यांचे नाव मात्र आजही वेष्टनांवर आढळते.

याच प्रांतात पाहुण्यांपुढे ताजे, बिनमिठाचे चीज ठेवण्याची रीत होती. सोबत बारीक चिरलेली पार्स्ली, कांद्याच्या पातीसारखी नाजूक चाइव्ह्ज, लसूण, मीठ, मिरपूड असे. ज्याने त्याने आपापल्या रुचीप्रमाणे कालवून घ्यावे. म्हणजे एकाच पंगतीत जितकी माणसे, तितक्या चवी. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

आता या चीजच्या अंतरंगाकडे वळू. दुधात केसिन या प्रथिनाचे सूक्ष्म गोळे तरंगत असतात. त्यांचा व्यास साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही सहस्रांश. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर कॅप्पा-केसिन नावाच्या प्रथिनाचे ऋणभारित धागे केसांसारखे उभे असतात. हे प्रथिन १९५६ साली अमेरिकेत वॉ आणि फॉन हिपेल यांनी ओळखले. त्या धाग्यांमुळे दोन गोळे एकमेकांस चिकटत नाहीत, आणि म्हणूनच दूध द्रवरूप राहते. १९९६ साली डी क्रुइफ आणि झुलिना यांनी या केसाळ थराचे वर्णन विद्युतभारित बहुवारिकांचा कुंचला म्हणून केले. पिएर-जील द जेन यांना १९९१ चे नोबेल मिळाले त्या मृदू पदार्थांच्या भौतिकीची भाषा अशी थेट दुधाच्या भांड्यात उतरली. माझ्यासारख्या भौतिकीच्या अभ्यासकाला चीजचे आकर्षण वाटते ते याच कारणाने.

ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ च्या आसपास असतो. जिवाणू दुधातील शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करू लागले की तो उतरतो. धाग्यांवरील ऋणभार कमी होतो, कुंचला मिटू लागतो. गोळ्यांना आतून बांधून ठेवणारे कॅल्शियम फॉस्फेट विरघळून बाहेर पडते. सामू ४.६ ला पोहोचला की केसिनवरील धन आणि ऋण भार समसमान होतात, परस्परांना दूर लोटणारे बल उरत नाही आणि सारे गोळे एकमेकांत गुंतून जाळे तयार होते. ६.६ पासून ४.६ पर्यंतचा प्रवास आकड्यांत लहान दिसतो. पण ही मोजपट्टी लघुगणकीय असल्याने हायड्रोजन आयनांची संहती तेवढ्यात शंभरपट झालेली असते.

कॅल्शियम निघून गेल्यामुळे असे आम्लजन्य दही चिवट होत नाही, तारही धरत नाही. ते फडक्यात टांगून पाणी निथळले की मऊ, पसरता येणारा गोळा उरतो. मराठी वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, कारण हा चक्काच आहे. आपण चक्क्यात साखर आणि वेलदोडा घालून श्रीखंड केले. नॉर्मंडीने त्याच जातीच्या गोळ्यात साय, मीठ आणि लसूण घातले. फ्रेंच दुग्धशाळांत काही वेळा रेनेटचा अल्प अंश वापरतात, जिवाणूंच्या जातीही वेगळ्या असतात. परंतु जाळे उभे राहण्याची मूळ क्रिया एकच.

हे आम्ल तयार करतो कोण, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळाले. १८५७ साली लिल येथे लुई पाश्चर यांनी लॅक्टिक आंबण्यामागे सजीव सूक्ष्मजंतू असल्याचे मांडले. पुढे जोसेफ लिस्टर यांनी, म्हणजे शस्त्रक्रियेत जंतुनाशनाचा पाया घालणाऱ्या त्याच शल्यविशारदांनी, आंबलेल्या दुधातून एकाच जातीचा जिवाणू विरलीकरणाने वेगळा काढला आणि १८७८ साली ते काम प्रसिद्ध केले. आज आपण त्याला लॅक्टोकॉकस लॅक्टिस म्हणतो. ताज्या चीजच्या विरजणात प्रामुख्याने हाच असतो.

१८९० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये व्हिल्हेल्म स्टोर्च आणि जर्मनीत हेर्मान वाइगमान यांनी पुढचे पाऊल टाकले. दूध वा साय तापवून त्यातील मूळ जंतू मारावेत आणि मग निवडक, शुद्ध जिवाणूंचे विरजण लावावे, ही त्यांची पद्धत. तोवर प्रत्येक दुग्धशाळा कालचे थोडे ताक वा दही आजच्या दुधात घालत असे. त्यात शेकडो वाणांची सरमिसळ असे, आणि म्हणून कधी उत्तम माल निघे तर कधी फेकून द्यावा लागे. शुद्ध विरजणाने रोज तोच वेळ, तीच आंबटी आणि तोच पोत मिळू लागला. सामू ही मोजपट्टी त्यानंतर, १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी दिली, आणि ‘आंबट झाले का?’ या जिभेच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळाले.

या साऱ्या तयारीवर १९५७ साली फ्रांस्वा बूर्सँ यांचे चीज उभे राहिले. नॉर्मंडीतील क्रोआझी-स्युर-अर येथे त्यांनी ‘तिप्पट सायीचे’ मऊ चीज बनवले. या फ्रेंच वर्गवारीचा अर्थ असा : पाणी वगळून उरलेल्या घन भागात किमान ७५ टक्के स्निग्धांश. चीजमध्ये निम्मे पाणी असेल तर प्रत्यक्ष १०० ग्रॅममध्ये ३७-३८ ग्रॅम. नाव भीतिदायक असले तरी लोण्याच्या निम्म्याहून कमीच.

त्यानंतरची घटना गमतीची आहे. १९६१ साली एका वृत्तपत्राने बूर्सँ लसणीचे चीज बाजारात आणत असल्याची बातमी छापली. वस्तुतः ते चीज दुसऱ्याच उत्पादकाचे होते. पण बातमीमुळे मागणी सुरू झाली, आणि जे चीज आपण बनवलेच नव्हते ते बनवण्याच्या मागे फ्रांस्वा बूर्सँ लागले. त्यास दोन वर्षे लागली. १९६३ साली ‘लसूण आणि हिरवा पाला’ या स्वादाचे बूर्सँ आले. सबंध फ्रान्सभर विकले गेलेले ते पहिले स्वादयुक्त चीज मानले जाते. १९६८ च्या ऑक्टोबरात फ्रेंच दूरचित्रवाणीवर व्यापारी जाहिरातींना परवानगी मिळाली, तेव्हा पहिल्या मोजक्या जाहिरातींत बूर्सँ होते. पुढे ती नाममुद्रा १९९० मध्ये युनिलिव्हरकडे आणि २००७ मध्ये बेल या फ्रेंच समूहाकडे गेली.

पंगतीतल्या प्रत्येकाने आपापल्या हाताने कालवायची चव आता कारखान्यात एकदाच ठरू लागली. यात काही हरपले, हे खरे. पण एकसारखेपणा हा केवळ व्यापाऱ्यांचा हट्ट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. लसणीचेच उदाहरण घ्या. पाकळी ठेचली की ॲलिनेज हे विकर ॲलिसिन तयार करते. १९४४ साली कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते वेगळे काढले आणि त्याचे जंतुनाशक गुण दाखवले. म्हणून लसूण म्हणजे सुरक्षितता, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात ॲलिसिन अस्थिर असते, काही काळात त्याचे विघटन होते. लसूण मातीत वाढते आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. प्राणवायूरहित, कमी आम्लाच्या, कोमट जागी ते रुजले तर बोटुलिनम विष तयार होते. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणीमुळे ३६ जणांना विषबाधा झाली.

या जिवाणूची वाढ रोखण्यासाठी अन्नशास्त्र जी सीमा मानते ती सामू ४.६ ही आहे. केसिनचे जाळे पूर्णत्वास जाते तोही सामू ४.६. एका आकड्याचा संबंध प्रथिनावरील विद्युतभाराशी, दुसऱ्याचा एका जिवाणूच्या सहनशक्तीशी. दोन्ही जुळावेत हा निव्वळ योगायोग. पण ताज्या चीजमध्ये लसूण घालणाऱ्याच्या दृष्टीने हा योगायोग मोलाचा आहे. दही नीट लागले, तर त्याच आम्लाने एक मोठा धोका दूर ठेवण्यास मदत होते. शीतकपाट आणि मीठ यांची जोड अर्थातच लागते. आणि दही नीट लागले नाही, तर पोताबरोबर सुरक्षितताही डळमळते. लाखो घरांत जाणाऱ्या पदार्थाचा सामू रोज अचूक तोच यावा, ही अपेक्षा म्हणून चैनीची नाही.

मग एखाद्या दिवशी दही लागलेच नाही तर?

हा अनुभव बूर्सँच्या आधीच जगाने घेतला होता. १९३० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये चेडर चीजसाठी एकेका वाणाची शुद्ध विरजणे वापरात येत होती. गुणवत्ता सुधारली, पण मधूनच एखाद्या दिवशी संपूर्ण टाकीतील दूध गोडच राहू लागले. दूध तेच, तापमान तेच, विरजण कालपर्यंत उत्तम चाललेले. १९३५ साली पामर्स्टन नॉर्थच्या दुग्ध संशोधन संस्थेत ह्यू व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी कारण शोधले : जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफेज. मराठीत उत्साहावर विरजण पडते. इथे विरजणावरच संक्रांत आली होती.

हे विषाणू विज्ञानाला तेव्हा नवे नव्हते. १९१५ साली लंडनमध्ये ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत देरेल यांनी त्यांचे वर्णन केले होते. देरेल यांनी १९२७ मध्ये भारतात येऊन पटकीवर त्यांचा प्रयोगही केला होता. जे विषाणू रुग्णाचे मित्र ठरावेत अशी आशा होती, तेच दुग्धशाळेत शत्रू निघाले.

कारण उघड आहे. टाकीतील अब्जावधी जिवाणू एकाच वाणाचे, जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकमेकांच्या प्रती. विषाणूला एकाच्या भिंतीतून वाट सापडली की सर्वांच्या भिंतीतून सापडते. एकाच वाणाच्या शेतावर रोग पडावा, तसेच हे. नेदरलँड्समधील संशोधकांनी पुढे याची दुसरी बाजू दाखवली. तेथील कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर चालत आलेली मिश्र विरजणे विषाणूंच्या सततच्या सान्निध्यातही टिकून राहत. प्रबळ वाण मारला गेला की मागे राहिलेला दुसरा वाण त्याची जागा घेई, आणि दूध विरजत असे. तीच विरजणे प्रयोगशाळेत विषाणूंपासून जपून वाढवली, की काही काळाने एखादा वाण इतरांवर मात करी आणि मिश्रणाची ही शक्ती ओसरे. जी सरमिसळ स्टोर्चच्या काळात दोष मानली गेली, तीच ढाल असल्याचे असे ध्यानी आले.

उद्योगाने मात्र शुद्ध विरजण सोडले नाही. सुरक्षिततेच्या आणि नियमिततेच्या कारणांनी सोडणे शक्यही नव्हते. त्याने आलटून-पालटून विरजणे वापरली, टाक्या झाकल्या, आणि विषाणूला न जुमानणारे वाण शोधले. या शोधातूनच क्रिस्परची उकल झाली. जिवाणूंच्या डीएनएतील विचित्र पुनरावृत्ती १९८७ साली ओसाका येथे योशिझुमी इशिनो आणि सहकाऱ्यांनी नोंदवली होती. २००५ साली स्पेनचे फ्रान्सिस्को मोहिका आणि फ्रान्समधील दोन गट यांनी स्वतंत्रपणे दाखवले की पुनरावृत्तींच्या मधले तुकडे विषाणूंच्या डीएनएशी जुळतात. त्यांपैकी अलेक्झांडर बोलोटिन यांचा गट दह्याच्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवर काम करत होता.

निर्णायक प्रयोग २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. विरजण पुरवणाऱ्या दानिस्को कंपनीतील रोडोल्फ बारांगू आणि फिलिप ओर्व्हात, आणि क्वेबेकच्या लाव्हाल विद्यापीठातील सिल्व्हाँ म्वानो यांनी याच जिवाणूवर विषाणू सोडले. जे मूठभर जिवाणू वाचले, त्यांच्या डीएनएत त्या विषाणूचा तुकडा नव्याने जोडला गेलेला होता. तो तुकडा काढला की प्रतिकार जाई, घातला की येई. जिवाणू आपल्या शत्रूची नोंद ठेवतात, हे सिद्ध झाले. २०१२ साली शार्पांतिए आणि डाउडना यांनी या यंत्रणेतील कॅस-९ हे प्रथिन हवे तिथे डीएनए कापणाऱ्या कात्रीसारखे वापरता येते असे दाखवले. आणि २०२५ साली त्या यंत्रणेची फळे आपल्या भातशेतीपर्यंत आली.

या इतिहासाकडे भारतीय विज्ञानाने कोणत्या दृष्टीने पाहावे? क्रिस्परची मूळ पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत, आणि नव्या भाताच्या संदर्भात परवान्यांचा प्रश्न आपल्याकडे विचारला जात आहे. तो योग्यच आहे. पण त्याच्या अलीकडचा एक प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो. ज्या साध्या, रोजच्या सूक्ष्मजीवांतून असे शोध निघाले, ते आपल्या घराघरांत आहेत, आणि त्यांची आपल्याजवळ किती नोंद आहे?

आपल्या घरचे विरजण म्हणजे वाणांचा एक समुदाय. तो आईकडून मुलीकडे गेला, बिघडला तेव्हा शेजारून वाटीभर आणला गेला. शेजारून विरजण आणण्याच्या या रीतीत डच संशोधकांनी सांगितलेलेच तत्त्व आहे : एक समुदाय ढासळला, तर दुसरा हाताशी असावा. आता शहरांत अनेक घरांचे विरजण दुकानातील डब्यातून येते. त्या दह्यात वाईट काही नाही; त्याची सुरक्षितता आणि सातत्य कष्टाने कमावलेले आहे. पण हजार घरांत एकच विरजण फिरू लागले, की हजार समुदायांची जागा एक समुदाय घेतो.

आपल्याकडे जतनाच्या संस्था आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत दुधाच्या जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. परंतु अशा संग्रहांची रीत मुळात लिस्टर आणि स्टोर्च यांच्या परंपरेतील : एकेक वाण वेगळा काढावा, शुद्ध करावा, गोठवावा. समुदायाची शक्ती मात्र वाणांच्या परस्परसंबंधांत, त्यांच्या प्रमाणात आणि त्यांच्या सोबत राहणाऱ्या विषाणूंतही असते. एकेक सुटा वाण जपला म्हणजे समुदाय जपला असे होत नाही. घरगुती विरजणे जशीच्या तशी, समुदाय म्हणून गोठवून ठेवणे आणि त्यांचे समग्र जनुकीय वाचन करणे आज तंत्रदृष्ट्या शक्य आहे, आणि त्याला भातावरील संशोधनाच्या मानाने फार खर्चही लागणार नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी याची सुरुवात स्वतः करू शकतात. आजोळच्या, शेजारच्या आणि दुकानातल्या अशा तीन विरजणांनी एकाच दुधाचे, एकाच तापमानाला दही लावावे आणि सामूमापकाने दर अर्ध्या तासाला नोंद घ्यावी. ६.६ पासून ४.६ पर्यंतच्या तीन रेषा आलेखावर काढाव्यात. त्या जुळतात की वेगळ्या वाटांनी जातात, हे पाहावे. आणि आजोळच्या विरजणाचा एक नमुना जवळच्या विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे, गाव, घर आणि तारीख लिहून, सोपवावा.